मधूनमधून तुटणारी फायबर जोडणी : दोष शोधण्याची रीत

शेतीच्या व्यवहारात कागदाचा वाटा पूर्वीपासूनच होता. आता त्या कागदाची जागा मोठ्या प्रमाणावर संगणक व मोबाइल यांनी घेतली आहे. सात-बाराचा उतारा, महाडीबीटीवरील योजनांचे अर्ज, बाजारभाव, हवामानाचा अंदाज या सर्वांसाठी इंटरनेटची जोडणी लागते. कित्येक कुटुंबांत शेत पाहणारा भाऊ गावी आणि अर्ज भरणारा भाऊ किंवा पुतण्या मुंबईत, अशी कामाची वाटणी झालेली आढळते. ठिबक संचाच्या अनुदानाचा अर्ज मग गावात न भरला जाता साकीनाक्याच्या एखाद्या खोलीत रात्री दहा वाजता भरला जातो. शुल्क भरण्याच्या क्षणी जोडणी तुटली, तर पैसे खात्यातून वजा होतात आणि पावती निघत नाही. मुदत त्याच रात्री संपणारी असेल, तर गावच्या शेतकऱ्यावर एक हंगाम थांबण्याची पाळी येते.

पूर्ण बंद पडलेली जोडणी त्या मानाने सोपी असते. तक्रार होते, कारागीर येतो, तुटलेली तार सापडते व सांधली जाते. खरा त्रास मधूनमधून तुटणाऱ्या जोडणीचा. कारागीर येतो तेव्हा ती नेमकी चालू असते. तो राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो, आता ठीक आहे असे सांगतो आणि निघून जातो. एकाआड एक दिवस येणाऱ्या हिवतापाच्या रोग्याला नेमके मधल्या दिवशी तपासावे, तसाच हा प्रकार होय. अशा दोषाचे निदान घरच्या माणसाने ठेवलेल्या नोंदींवरून जितके होते, तितके कारागिराच्या एका भेटीत होत नाही. त्या नोंदी कशा ठेवाव्यात व त्यांचा अर्थ कसा लावावा, हे पुढे दिले आहे.

उदाहरणासाठी साकीनाका घेण्याचे कारण असे की, या दोषाची बहुतेक सर्व कारणे तेथे थोड्याशा जागेत एकवटलेली दिसतात. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून ८ जून २०१४ पासून मेट्रो धावू लागली आणि त्या मार्गावर साकीनाका हे स्थानक झाले. परंतु रस्त्याच्या आत, खैरानी रस्त्याच्या बाजूस, लहान कारखान्यांचे गाळे व राहत्या खोल्या एकमेकांना चिकटून आहेत. फायबरच्या तारा खांबावरून खांबाकडे, पत्र्यावरून, खिडकीच्या गजांतून नेलेल्या असतात. शेजारी शिवणयंत्रे व लेथ चालतात, वर पत्रा तापतो, खाली उंदीर असतात. पावसाविषयी तर सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि साकीनाक्याच्या उतारावरील वस्तीवर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. खेड्यात हीच कारणे असतात, फक्त ती काही किलोमीटर अंतरावर पसरलेली असतात.

तारेच्या आत काय चालते

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याची एकंदर जाडी एक मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी, आणि ज्या गाभ्यातून प्रकाश वाहतो तो तर अवघा ९ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे एकशे दहाव्या भागाइतका. आत शिरलेला प्रकाश गाभ्याच्या कडेवरून पुन्हा आत परावर्तित होतो व तंतूच्या बाहेर न पडता पुढे जातो. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येते हे नरिंदरसिंग कपानी व हॉपकिन्स यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून दूरवर संदेश पाठविता येतील, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले, व त्या कार्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सेवा पुरविणाऱ्याच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वस्तीत येतो व तेथे स्प्लिटर नावाच्या लहान डबीत त्याच्या ३२ किंवा ६४ शाखा होतात. प्रत्येक शाखा एका घरात जाते आणि तेथील ओएनटीला, म्हणजे लोक ज्याला सामान्यतः मोडेम किंवा राउटर म्हणतात त्या पेटीला, जोडली जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही. केंद्राकडून येणारा प्रकाश सर्व घरांत सारखाच पोहोचतो व प्रत्येक पेटी त्यातून आपला भाग तेवढा उचलते. उलट दिशेने मात्र पाटाच्या पाण्याप्रमाणे पाळी लावलेली असते. आपली पाळी आली की पेटीने बोलावे, ती संपताच गप्प बसावे. ही पाळी सेकंदाच्या अत्यंत लहान भागांत मोजली जाते. पाळी मोडणाऱ्या पेटीमुळे काय होते, ते पुढे येईल.

प्रकाशाचा जोर डीबीएम या मापात सांगतात. हा आकडा घरात उणे असतो, आणि उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. सर्वसाधारण जोडणीचा हिशेब असा मांडता येईल. केंद्रातून सुमारे अधिक ३ डीबीएमने प्रकाश निघाला. ३२ शाखांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७ डेसिबल गेले. पाच किलोमीटर तारेत दीड-दोन, व सांधे आणि जोडण्या यांत आणखी दीड-दोन गेले. घरी उणे १७ ते १८ डीबीएम प्रकाश पोहोचला. सामान्य जातीची पेटी सुमारे उणे २७ पर्यंत काम करू शकते. म्हणजे नऊ-दहा डेसिबलची शिल्लक हाती राहिली.

मधूनमधून तुटण्याचे मर्म या शिलकीत आहे. चैत्रापर्यंत विहिरीत पाणी भरपूर असते, तोवर पातळी हातभर खाली गेली तरी पंपाला कळतही नाही. वैशाखात पाणी फूटव्हॉल्व्हला टेकले की, वीतभर उतार होताच पंप हवा ओढतो, आणि तासाभराने झरे भरून आले की पुन्हा पाणी देतो. पंपात दोष नसतो, शिल्लक संपलेली असते. फायबरचेही तसेच आहे. एका मळक्या टोकाने ३ डेसिबल खाल्ले, खिडकीच्या चौकटीत दबलेल्या वळणाने ५ खाल्ले, की घरी प्रकाश उणे २६ वर येतो. जोडणी चालूच असते. मग दुपारी पत्रा तापून तार किंचित सरकली, किंवा सांध्याच्या डबीत पावसाचे पाणी शिरले, की उरलेला एक डेसिबल जातो व जोडणी तुटते. ऊन उतरले की ती परत येते. ज्या उन्हाला किंवा पावसाला दोष दिला जातो, ते केवळ शेवटचे निमित्त असते. मूळ दोष बारा महिने तेथेच असतो.

प्रथम नोंद, नंतर हात

जोडणी तुटताच राउटर बंद करून चालू करण्याची सवय सर्वत्र जडली आहे. ती टाकणे इष्ट होय. पुष्कळ पेट्यांतील घटनांची नोंद व किती वेळ अखंड चालल्याचा आकडा वीज जाताच पुसला जातो. पुरावा नाहीसा होतो व दोष तसाच राहतो. म्हणून जोडणी तुटली की दोन मिनिटे पेटीला हात न लावता तिचे दिवे पाहावेत, आणि एका वहीत तारीख, तुटण्याची वेळ, परत येण्याची वेळ, दिव्यांची स्थिती, वीज, ऊन वा पाऊस आणि शेजारची जोडणी चालू होती की नाही, इतके लिहावे. आठ दिवसांची वही पुरेशी असते.

दिव्यांची रीत पेटीच्या बनावटीप्रमाणे थोडी बदलते, तथापि पॉन असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असल्यास केंद्राशी संबंध जुळलेला आहे, तो लुकलुकत असल्यास संबंध जुळविण्याचा प्रयत्न चालू आहे, आणि लॉस किंवा एलओएस असे लिहिलेला दिवा लाल झाल्यास प्रकाशच पोहोचत नाही, असे समजावे.

समजा, साकीनाक्याच्या एका खोलीत पेटी पोटमाळ्यावर ठेवलेली आहे आणि संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत मोबाइलवरील जोडणी पुन्हा पुन्हा तुटते. पॉनचा दिवा मात्र स्थिर आहे. अशा वेळी संगणक लॅनच्या तारेने थेट पेटीला जोडून पाहावा. तारेवर जोडणी अखंड चालली, तर फायबर निर्दोष आहे व दोष वाय-फायच्या लहरींत आहे. ही एकच कसोटी निम्म्या तक्रारींचा निकाल लावू शकते, आणि बहुधा तीच केली जात नाही. दाट वस्तीत मोबाइलच्या पडद्यावर वाय-फायची दहा-वीस नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडविणारे मार्ग तीनच, १, ६ व ११. रात्री सर्वजण घरी आले की या तीन मार्गांवर गर्दी होते. शक्य तेथे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. त्यातही ३६ ते ४८ हे मार्ग निवडावेत, कारण वरच्या काही मार्गांवर रडारची चाहूल लागताच राउटरला नियमाने मार्ग सोडावा लागतो आणि तेवढ्यापुरती जोडणी तुटते. पत्र्याची भिंत व लोखंडी कपाट लहरी अडवितात, यास्तव पेटी पोटमाळ्यावरून काढून खोलीत उघड्यावर ठेवावी. माळ्यावरील उष्णताही पेटीला मानवत नाही.

दुसरी स्थिती अशी की, तुटण्याच्या क्षणी सर्वच दिवे विझतात व पुन्हा एकेक करून लागतात. येथे प्रकाशाचा नव्हे, विजेचा प्रश्न आहे. वहीत तुटण्याच्या वेळा शेजारच्या गाळ्यातील मोटार सुरू होण्याच्या वेळांशी जुळल्या, तर उलगडा झालाच. मोटार सुरू होताना दाब क्षणभर पडतो. नवा अ‍ॅडॅप्टर तो सोसतो, दोन-तीन वर्षे तापलेला जुना अ‍ॅडॅप्टर सोसत नाही. बदली अ‍ॅडॅप्टर घेताना पेटीवर छापलेला व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, आणि अँपिअरचा आकडा तितकाच किंवा अधिक असावा. सैल झालेला पिनचा सॉकेट हेही एक नित्याचे कारण आहे. तो बदलण्यास फारसा खर्च येत नाही, तरी तो महिनोन्महिने तसाच राहतो. राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरीचा यूपीएस बसविल्यास क्षणिक पडझड व अर्धा-एक तासाचे भारनियमन दोन्ही निभावतात.

पॉनचा दिवा स्थिर, लॅनच्या तारेवरही इंटरनेट नाही, आणि इंटरनेटचा दिवा तेवढा विझलेला, असे आढळल्यास दोष घराबाहेर सेवा पुरविणाऱ्याच्या यंत्रणेत किंवा खात्याच्या नोंदणीत असतो. येथे घरच्या माणसाने तारा उपसून काहीच साधत नाही.

प्रकाशाची वाट

लॉसचा दिवा लाल होत असेल किंवा पॉन वारंवार लुकलुकत असेल, तर प्रकाशाची वाट तपासावी लागते. प्रथम आकडा पाहावा. राउटरच्या मागील पट्टीवर छापलेला पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लिहून व त्याच पट्टीवरील परवलीचा शब्द देऊन आत गेल्यास, बहुतेक पेट्यांत ऑप्टिकल माहितीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. उणे १५ ते २२ च्या दरम्यान असल्यास चिंतेचे कारण नाही. उणे २५ च्या पलीकडे गेला असेल तर शिल्लक संपत आली आहे. सकाळी सातला, दुपारी दोनला व रात्री नऊला असे तीन वेळा आकडे वहीत घ्यावेत. सकाळी उणे २४ व दुपारी उणे २७ असा फरक पडत असेल, तर तापणाऱ्या भागात एखादा सांधा किंवा वळण बिघडलेले आहे, हे कारागिरापुढे ठेवण्यास तेवढाच पुरावा पुरेसा आहे.

यानंतर पेटीपासून खिडकीपर्यंतची तार नजरेने तपासावी. चहाच्या कपाच्या तोंडाहून लहान वेटोळे कोठेही नसावे. जादा तार गुंडाळून खिळ्याला टांगलेली, दाराच्या फटीत चेपलेली, स्टेपलच्या खिळ्याने ठोकलेली किंवा कपाटामागे दुमडलेली आढळते. तांब्याच्या तारेची सवय असलेल्या माणसाला यात काही वावगे वाटत नाही. परंतु तांब्यात वीज वळणावरही वाहते, काचेतील प्रकाश मात्र तीव्र वळणावर बाहेर सांडतो. वळण सैल करून आकडा पुन्हा पाहावा. तो दोन-तीन डेसिबलने सुधारला, तर एक दोष सापडला असे समजून पुढे जावे. एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर आकडा लिहावा. चार बदल एकदम केल्यास कोणत्याने गुण आला ते कळत नाही.

पेटीत शिरणारे टोक बहुधा हिरव्या किंवा निळ्या रंगाचे असते. हिरव्या टोकाचे तोंड तिरपे घासलेले असते, निळ्याचे सरळ. हिरवे टोक निळ्या खाचेत बसते, परंतु दोन्ही तोंडे जुळत नाहीत व प्रकाश मोठ्या प्रमाणात वाया जातो. घाईत केलेल्या दुरुस्तीनंतर ही चूक आढळून येते. दुसरे असे की, घरगुती जोडणीत पुष्कळदा टोक वितळवून न सांधता जागेवरच दाबून बसविलेले असते. असे टोक स्वस्त व झटपट होते, मात्र ओढ बसल्यास किंवा काळाने आतील जेल सुकल्यास ते सैल पडते. जोडणी महिन्या-दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा बिघडत असेल, तर वितळवून सांधलेले तयार टोक बसवून देण्याचा आग्रह धरावा.

येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. तारेच्या किंवा पेटीच्या टोकात डोळा लावून प्रकाश येतो का, हे कोणीही कधीही पाहू नये. हा लेसर अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही, आणि डोळ्याच्या पडद्यास इजा होण्याचा धोका असतो. मुलांना हे समजावून सांगावे. टोक बोटाने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. बोटाचा घामट डाग ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर डोंगराएवढा ठरतो. ते साफ करण्याचे कोरडे साधन कारागिराकडे असते. तुटलेल्या तंतूचा तुकडा कातडीत शिरल्यास काढणे अवघड जाते, यास्तव असे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून टाकावेत.

खिडकीबाहेरची तार घरच्या माणसाने केवळ पाहावी, तिला हात लावू नये. फायबरमधून वीज वाहत नाही हे खरे, तथापि बाहेरच्या तारेला आधार म्हणून पोलादी तार जोडलेली असते, आणि ती खांबावर विजेच्या तारेला टेकलेली असल्यास पावसात प्राणघातक ठरते. पत्र्याच्या कडेवर घासलेली तार, उंदराने कुरतडलेले आवरण, लोंबणारी सांध्याची डबी यांचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे.

एकाच गल्लीतील अनेक घरांची जोडणी एकाच क्षणी तुटत असेल, तर दोष घरात नाही. केंद्रापासून स्प्लिटरपर्यंतच्या तारेत तो असेल, अथवा एखाद्या घरची बिघडलेली पेटी पाळी मोडून अखंड बोलत असेल. कालव्यावर एकाने दार उघडे ठेवले की खालच्या सर्वांचे भिजवणे थांबते, तसे एका पेटीमुळे साऱ्या शाखा बंद पडतात. ती पेटी शोधण्यास केंद्रातून एकेक शाखा तपासावी लागते. अशा वेळी पाच शेजाऱ्यांनी वहीतील वेळा एकत्र करून एकच तक्रार देणे, पाच निरनिराळ्या तक्रारींपेक्षा अधिक उपयोगी पडते.

गावातील जोडणी

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. ग्रामपंचायत कार्यालयातील पेटीलाही वरील सर्व कसोट्या लागू पडतात. फरक इतकाच की, गावात विजेचे खंडन हे कारण अधिक वेळा निघते आणि बाहेरच्या तारेचे घाव दूर असतात. रस्ता रुंदीकरण, जलवाहिनीचे चर, जेसीबीने काढलेली ताल यांत जमिनीखालील तार तुटते. बांधालगत खोदकाम करण्यापूर्वी तारेच्या खुणेचा दगड किंवा फलक आहे का, ते पाहावे. खांबावरून नेलेली तार उसाचे पाचट पेटविल्याने वितळते. पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून पसरावे हे शेतीच्या दृष्टीने पूर्वीपासून सांगितले जात आहे, त्याला हे आणखी एक कारण मिळाले. वादळी पावसात वीज कडाडत असताना पेटीचा अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवावा, कारण विजेचा लोंढा काचेतून नव्हे, त्या वाटेने शिरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवर पेटीशेजारी एक कागद लावून त्यावर जोडणी चांगली चालू असतानाचा प्रकाशाचा आकडा व तारीख लिहून ठेवावी. बिघाडाच्या दिवशी तुलना करण्यास दुसरे काहीच हाती नसते.

तक्रार देताना

नेट चालत नाही, एवढ्या वाक्याने कारागिरास काही कळत नाही. तक्रारीत असे लिहावे की, गेल्या आठ दिवसांत जोडणी अमुक वेळा तुटली. दर वेळी लॉसचा दिवा लाल झाला. लॅनच्या तारेवरही तीच स्थिती होती. वीज चालू होती. सकाळचा प्रकाश इतका व दुपारचा इतका आहे. शेजारच्या दोन घरांची जोडणी त्या वेळी चालू होती. एवढ्यावरून कारागीर राउटर बदलण्याच्या तयारीने न येता प्रकाशमापक घेऊन येतो. तार कोठे बिघडली हे अंतरासह सांगणारे ओटीडीआर नावाचे यंत्रही सेवा पुरविणाऱ्यांकडे असते. घरापासून स्प्लिटरपर्यंत दोष सापडला नाही, तर ते लावण्याची मागणी करावी.

तक्रारीचा क्रमांक अवश्य मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे सेवा पुरविणाऱ्याने तक्रार नोंदवून तिचा क्रमांक द्यावयाचा असतो, आणि तेथे समाधान न झाल्यास त्याच संस्थेच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. क्रमांक नसेल तर अपिलास आधार राहत नाही. तक्रार तोंडी केबलवाल्याकडे करून थांबणाऱ्यांना हा मार्ग मोकळा राहत नाही, हे साकीनाक्यात व गावात सारखेच खरे आहे.

दुरुस्ती होऊन कारागीर जाण्यापूर्वी प्रकाशाचा आकडा त्याच्यासमोर पाहून वहीत लिहावा. उणे २६ चा उणे १९ झाला असेल तर दुरुस्ती झाली. आकडा होता तेथेच असेल, तर जोडणी त्या क्षणी चालू दिसत असली तरी तक्रार बंद करण्यास संमती देऊ नये. मुदतीचा अर्ज असेल त्या दिवशी पुतण्याने मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहावा, आणि गावच्या भावाने लागणारी कागदपत्रे शेवटच्या रात्रीची वाट न पाहता चार दिवस आधी पाठवून द्यावीत.